खाल्लेलं अंगी का लागत नाही?

'खातेस ते जातं तरी कुठे?'

हा प्रश्न तुम्हाला कुणी कधी विचारलाय? मला लहानपणापासून विचारतात. लग्नात, हळदीकुंकवाला, बिल्डिंगच्या जिन्यात. मी बारीक आहे आणि आमच्या समस्त काकू-आत्यांच्या मते मला 'खाल्लेलं अंगी लागत नाही'. मी हसते, दुसरी जिलबी उचलते आणि विषय तिथेच संपतो.

माझ्यापुरता संपतो. पण हेच वाक्य मी एकदा अशा ठिकाणी ऐकलं, जिथे हसण्यासारखं काही नव्हतं.

माझी मावशी नाशिक जिल्ह्यातल्या एका आदिवासी पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. दोन वर्षांपूर्वी, सेकंड इयरला असताना, डॉक्युमेंटरीच्या असाइनमेंटसाठी मी कॅमेरा घेऊन तिच्याकडे गेले होते. विषय कुपोषण. (हा विषय आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी घेतंच. मार्क चांगले पडतात.) त्या दिवशी मुलांची वजनं होती. सव्वा वर्षाच्या एका मुलाला काट्याच्या झोळीत बसवलं. काटा सात किलोच्या जरासा पुढे जाऊन थांबला. त्या वयाच्या मुलाचं वजन साधारण दहा किलो असायला हवं. मग मावशीने त्याच्या दंडाला मापाची पट्टी गुंडाळली. ही पट्टी तुम्ही पाहिली नसेल तर सांगते, तिच्यावर तीन रंग असतात. दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असेल तर हिरवा, साडेअकराच्या खाली गेला तर लाल, मधे पिवळा. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे किती? तेवढा दोरा कापा आणि स्वतःच्या मनगटाला गुंडाळून बघा. पुरणार नाही.

मुलगा पिवळ्यात होता. त्याची आई म्हणाली, 'खातो ओ ताई. भाकर कुस्करून दिली का खातो. पण अंगाला नाय लागत.'

एडिट करताना मी ते वाक्य कापलं. मला ते निमित्त वाटलं. त्याऐवजी माझ्या आवाजात व्हॉइस-ओव्हर टाकला, 'आईचं अज्ञान आणि दुर्लक्ष यांचा हा कोवळा बळी', आणि मागे बासरी. दहापैकी नऊ मार्क पडले. मावशीला फिल्म मोबाइलवर दाखवली. तिने शेवटपर्यंत बघितली आणि एवढंच म्हणाली, 'बासरी छान आहे.'

ती फिल्म मी आता कुणाला दाखवत नाही. का, तेच सांगायचंय.

बचत गटाचं आरोग्य?

इथे इंटर्न म्हणून लागल्यावर मला मिळालेला विषय होता 'गट हेल्थ'. तुमच्या फीडवरही तो असणारच. कोम्बुचाची बाटली हलवणारी कुणीतरी, 'या पाच लक्षणांवरून ओळखा तुमचं गट बिघडलंय', सकाळी उपाशीपोटी काहीतरी हिरवं. मी मावशीला फोनवर म्हटलं, गट हेल्थवर लिहितेय. ती म्हणाली, 'कुठल्या बचत गटाच्या?' म्हटलं, नाही गं, गट म्हणजे आतडी, पोट. 'मग पोट म्हण की.'

तर पोट. या विषयावर वाचायला लागले तेव्हा मला वाटलं होतं सगळं दही, फायबर आणि महागडे ज्यूस असेल. निघालं भलतंच. पोटातल्या जिवाणूंवरचं गेल्या काही वर्षांतलं काही अतिशय गंभीर काम आफ्रिकेतल्या खेड्यांत आणि ढाक्याच्या झोपडपट्टीत झालंय. आणि त्या कामामागचा प्रश्न कापून टाकलेल्या त्या वाक्यातलाच आहे. मूल खातं, मग अंगी का लागत नाही?

कुपोषणाबद्दल आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक सोपं चित्र असतं. टाकी रिकामी आहे, पेट्रोल भरा, गाडी चालू. पण टाकीलाच गळती लागली असेल तर?

आपलं लहान आतडं आतून टर्किश टॉवेलासारखं असतं. टॉवेलावर जसे उभे धागे असतात आणि त्यामुळे तो पाणी भराभर टिपतो, तसे आतड्याच्या आत बोटांसारखे अगदी बारीक उंचवटे असतात, ज्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं सत्त्व टिपून घेण्याचं काम तेच करतात. आता एखादं बाळ रोज अशा अंगणात रांगतंय, जिथे कोंबड्या फिरतात, जिथलं पाणी स्वच्छ नाही. मातीतला हात तोंडात जातोच. त्यातून रोज थोडेथोडे जंतू पोटात जातात. दरवेळी जुलाब होतातच असं नाही. पण आतल्या आत सूज राहते, टॉवेलाचे धागे झिजतात, आखूड होतात. आतड्याची भिंत सैल पडते आणि नको ते आत झिरपतं. शरीर त्याच्याशी लढत बसतं आणि त्या लढाईत खाल्लेल्यातला काही भाग खर्च होतो. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. त्याला दिसतं एवढंच की मूल वाढत नाहीये. डॉक्टर मंडळी याला 'एन्व्हायर्नमेंटल एंटेरिक डिसफंक्शन' म्हणतात.

हे कुणाच्या रक्तात असतं का? नाही, आणि ते कळलं एका गमतीशीर मार्गाने. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या पीस कोअरचे स्वयंसेवक पाकिस्तानात राहायला आले होते. तुमच्याआमच्यासारखी तरुण, धडधाकट मुलं. त्यांच्यातल्या काहींच्या आतड्याची तपासणी केली तर धागे आखूड झालेले, सत्त्व टिपण्याची ताकद कमी झालेली. मायदेशी परत गेल्यावर हळूहळू सगळं पूर्ववत झालं. म्हणजे दोष जागेचा होता. ज्याचा मायदेशच ती जागा आहे, त्याने परत कुठे जायचं, हा प्रश्न उरतोच.

मग संडास बांधा, हात धुवा, विषय संपला! मलाही हेच वाटलं होतं. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेमध्ये हजारो कुटुंबांवर हेच करून पाहिलं गेलं. संडास, साबण, क्लोरिनचं पाणी. २०१८ आणि २०१९ मध्ये निकाल आले आणि सगळे चक्रावले, कारण मुलांची उंची वाढली नव्हती. उलट आपल्या नगर जिल्ह्यात २००४च्या सुमारास गावच्या गाव हागणदारीमुक्त करण्याची मोहीम झाली, तिच्या अभ्यासात मुलांची उंची वाढल्याचं दिसलं होतं. असं का? एक पटणारा तर्क असा की घाण काही घराघराप्रमाणे वेगळी राहत नाही. तुमच्या दारात साबण आला, पण गल्ली तीच, नाला तोच, कोंबड्या त्याच. अर्धवट स्वच्छता बाळाच्या पोटापर्यंत पोचत नाही.

एक चूल, दोन मुलं

'क्वाशिओरकोर'. शाळेत विज्ञानात पाठ केलेला शब्द. 'प्रथिनांच्या कमतरतेमुळे होणारा रोग', एक मार्क. हा शब्द मुळात घानामधल्या गा भाषेतला आहे. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरने १९३०च्या दशकात तो वैद्यकशास्त्रात आणला. अर्थ साधारण असा, की धाकटं भावंड झालं की थोरल्याला जो आजार होतो तो. घरात पाठोपाठ पाळणा हलला की आधीच्याचं अंगावरचं दूध तुटतं. तिथल्या बायकांनी तेवढ्या एका शब्दात कारणही सांगून टाकलं होतं.

पण प्रथिनं कमी पडली की हा आजार, इतकं ते सरळ नाही. मलावी या आफ्रिकेतल्या देशात अशा मुलांचं प्रमाण मोठं आहे. तिथे शास्त्रज्ञांनी जुळ्या मुलांच्या ३१७ जोड्या निवडल्या आणि तीन वर्षांची होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं. हा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. निम्म्या जोड्यांमध्ये दोन्ही मुलं ठीक राहिली. आणि ४३ टक्के जोड्यांमध्ये दोघांपैकी एकच मूल कुपोषित झालं.

इथे मी वाचायची थांबले होते. पुन्हा वाचलं. एकच आई, एकच चूल, एकच ताट, आणि दोघांपैकी एकच कुपोषित. आता माझ्या व्हॉइस-ओव्हरचं काय करायचं? 'आईचं अज्ञान आणि दुर्लक्ष' दोघांपैकी एकाच्याच वाट्याला कसं आलं?

शास्त्रज्ञांनी पुढे काय केलं ते जरा किळसवाणं आहे, पण ऐका. या जुळ्यांच्या शौचातले जिवाणू त्यांनी अशा उंदरांच्या पोटात सोडले, ज्यांच्या पोटात जन्मापासून एकही जिवाणू नव्हता. प्रयोगशाळेत असे उंदीर मुद्दाम वाढवतात. एका गटाला निरोगी भावंडाचे जिवाणू, दुसऱ्याला आजारी भावंडाचे. सगळ्यांना खायला मलावीतल्या मुलांसारखंच, म्हणजे मुख्यतः मक्याचं. आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेले उंदीर झपाट्याने वाळले. निरोगी भावंडाचे मिळालेले तेवढे नाही. मग सगळ्यांना शेंगदाण्याची औषधी पेस्ट दिली, तर वाळलेले उंदीर सावरले. पुन्हा मक्यावर आणलं, तर पुन्हा घसरायला लागले.

यातून 'कुपोषण म्हणजे जिवाणूंचा खेळ' असं समजू नका. चांगलं खायला मिळालं असतं तर तेच जिवाणू एवढे नडले नसते. निकस अन्न आणि बिघडलेलं पोट ही दोन्ही एकत्र आली की मूल खचतं.

पोटाचं वय

आता ढाक्याला चला. मीरपूर हा तिथला प्रचंड गर्दीचा भाग, मोठी झोपडपट्टी असलेला. याच शहरात 'आयसीडीडीआर,बी' नावाची संशोधन संस्था आहे, लोक तिला कॉलराचं हॉस्पिटल म्हणून ओळखतात. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी देण्याची पद्धत, म्हणजे आपलं ओआरएस, घडवण्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. म्हणजे पोट बिघडलेलं असतानाही ते काय शोषू शकतं, हा विचार त्यांच्याकडे जुनाच आहे. तिथले डॉ. ताहमीद अहमद आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले डॉ. जेफ्री गॉर्डन गेली कित्येक वर्षं एकत्र काम करतायत. (मलावीच्या अभ्यासातही गॉर्डन यांचीच टीम होती.)

त्यांनी आधी निरोगी मुलं घेतली. मीरपूरमधल्या चांगल्या वाढणाऱ्या बाळांच्या शौचाचे नमुने महिन्यामागून महिने तपासले. त्यातून कळलं की पोटातल्या जिवाणूंनाही वय असतं. जन्मल्यानंतर पहिले काही महिने अंगावरच्या दुधावर पोसणारे जिवाणू जास्त असतात. मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या आहेत बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी! आई बाळाला पाजते तेव्हा त्याच्या पोटातल्या वसाहतीलाही जेवू घालत असते. मग वरचं अन्न सुरू होतं, वसाहतीत नवे रहिवासी येतात, जुने कमी होतात आणि दोनतीन वर्षांत ती मोठ्या माणसासारखी होते. कुठल्या महिन्यात कोण असायला हवं, याचा जणू तक्ताच तयार झाला.

मग कुपोषित मुलांचे नमुने त्या तक्त्याशेजारी ठेवले. मूल दीड वर्षाचं, पण पोट अजून तान्ह्या बाळाचं. वर्षं उलटली तरी पोट वयात आलंच नव्हतं. उपचाराचं अन्न दिल्यावर पोटाचं वय थोडं पुढे सरकलं, आणि काही महिन्यांत पुन्हा मागे पडलं. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगते. ती औषधी पेस्ट, शेंगदाणे-दूध पावडर-तेल-साखरेची, लाल पट्टीतल्या मुलांचा जीव वाचवते. तिने वाचलेली मुलं लाखांत मोजावी लागतील. प्रश्न जीव वाचल्यानंतरचा आहे. मूल घरी जातं, तेव्हा त्याच्यासोबत तेच लहान राहिलेलं पोट परत जातं.

म्हणून त्यांनी प्रश्नच उलटा केला. बाळाला किती कॅलरी द्यायच्या, याऐवजी जे जिवाणू मागे पडलेत त्यांना काय आवडतं? बांगलादेशात बाळांना दिले जाणारे नेहमीचे पदार्थ घेतले, आधी उंदरांवर आणि डुकराच्या पिल्लांवर तपासले. भाताने फारसं काही झालं नाही. जे उपयोगी ठरलं, ते ऐका: हरभऱ्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ आणि कच्चं केळं. कुठलीही परदेशी बेरी नाही, चिया सीड्स नाहीत. ही यादी वाचली तेव्हा मी शप्पथ हसले. हे सगळं आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आणि भाजीवाल्याकडे मिळतं.

त्यात साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं घालून खाऊ तयार केला आणि मीरपूरमधल्या १२ ते १८ महिन्यांच्या, पिवळ्या पट्टीतल्या मुलांना दिवसातून दोनदा, तीन महिने दिला. दुसऱ्या गटाला नेहमीचा पूरक आहार, तांदूळ आणि डाळीवर आधारलेला, ज्यात कॅलरी जास्त होत्या. ११८ मुलांनी तीन महिने पूर्ण केले. निकाल २०२१ मध्ये आला. कमी कॅलरी खाणाऱ्या गटाचं वजन जास्त चांगलं वाढलं. त्यांच्या रक्तात हाडांच्या आणि मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रथिनंही वाढलेली दिसली. फरक चमत्कार म्हणण्याइतका नव्हता, आणि ११८ मुलं हा काही फार मोठा आकडा नाही. पण ज्यांना कमी मिळालं ते जास्त वाढले, ही गोष्ट टाकीच्या चित्रात बसतच नाही. अंगी लागणं म्हणजे काय, ते इथे कुणीतरी मोजलं होतं.

मग दही पाजायचं का?

मला माहितीये, तुमच्यातल्या कुणीतरी मनात म्हटलं असेल, सरळ प्रोबायोटिक द्या ना! जिवाणू कमी आहेत तर जिवाणू पाजा. रील्सचं सगळं तत्त्वज्ञान हेच आहे. हेही करून झालंय. मलावीमध्येच तीव्र कुपोषित अशा सुमारे ८०० मुलांना उपचाराच्या अन्नातून प्रोबायोटिक दिलं गेलं. २००९ मध्ये निकाल आला आणि बरं होण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. माळरानावर चांगलं बी फेकून पीक येत नाही, तसंच काहीसं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक निरोगी नवजात बाळांवर एक मोठा प्रयोग झाला, त्यात एक विशिष्ट जिवाणू आणि त्याचं खाद्य अशी जोडी काही दिवस दिली. सेप्सिस आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी कमी झाले. २०१७ची गोष्ट. म्हणजे कुठला जिवाणू, कुणाला, कधी आणि कशासोबत, यावर सगळं अवलंबून आहे. 'प्रोबायोटिक' हा एकच शब्द लिहिलेली बाटली यातलं काही सांगत नाही. आणि हा लेख वाचून ओळखीतल्या एखाद्या आजारी, सुकलेल्या मुलाला बेसन आणि केळं कालवून देऊ नका प्लीज. लाल पट्टीतलं मूल डॉक्टरकडेच जायला हवं. तिथे चुकीचं अन्न चुकीच्या वेळी जिवावर बेतू शकतं.

हे सगळं लांबच्या देशांतलं वाटतंय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातली पाच वर्षांखालची १९.३ टक्के मुलं उंचीच्या मानाने वजनात कमी होती. महाराष्ट्रात हेच प्रमाण २५.६ टक्के. मुंबई-पुण्याच्या राज्यात, चारातलं एक. वयाच्या मानाने बुटकी राहिलेली ३५.२ टक्के.

पाऊस आणि वीटभट्टी

मागच्या महिन्यात मी पुन्हा पाड्यावर गेले, या वेळी कॅमेरा न घेता. तो मुलगा आता सव्वातीन वर्षांचा आहे. मावशीकडे वजनांची नोंद मोबाइलमधल्या अॅपवर असते, पण तिने जुना कागदी तक्ताही ठेवलाय. त्यावर ठिपके जोडून काढलेली रेघ. मला ती नुसती वेडीवाकडी रेघ दिसत होती. मावशी बोट फिरवत वाचत गेली.

'हे बघ, इथे तू आली होतीस. इथे पाऊस. जुलाब झाले, लालमध्ये गेला. मग इथं ग्राम बाल विकास केंद्रात घातला, दिवसातून पाचसहा वेळा खायला घालत होतो आम्ही, बघ कसा चढला. इथे घरी गेला. जरा बरा होता. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर गेली, त्याला घेऊन. आली तेव्हा हे.' रेघ पुन्हा खाली आली होती.

मी मोबाइलवर तिला ढाक्याच्या पेपरातला आलेख दाखवला. उपचार, चढ, मग उतार. तिने चष्मा लावून बघितला.

'तिकडंही असंच?'

'तिकडंही असंच.'

'बरंय म्हणजे,' ती म्हणाली, मग तिचं तिलाच विचित्र वाटलं. 'बरं नाही गं. पण मला दरवेळी वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय. मीटिंगला विचारतात ना, वाढलेलं वजन पुन्हा कसं कमी झालं.'

हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या फिल्ममध्ये आई दोषी होती, आणि मावशी हसतमुख सेविका.

मग मी तिला ती यादी वाचून दाखवली. हरभऱ्याचं पीठ, सोयाबीन, शेंगदाणे, कच्चं केळं. ती म्हणाली, सगळं इथे मिळतं की. मी खूश होऊन म्हटलं, तेच तर ना! तर म्हणाली, 'शेंगदाणे किलोला काय भावाने आहेत माहितीये का तुला?'

मला माहीत नव्हतं.

दुपारी ती बाई मुलाला घेऊन आली. मी कोण ते तिला आठवेना. मावशीने सांगितलं तेव्हा म्हणाली, 'हां, ती शूटिंगवाली.' मी तिला सांगितलं की तेव्हा तुम्ही एक वाक्य बोलला होतात, मी ते काढून टाकलं होतं, काढायला नको होतं. तिने माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. तिला ते वाक्य आठवत नव्हतं. ती ते बऱ्याच जणांना बऱ्याच वेळा बोलली असणार. माझ्या लॅपटॉपमध्ये ती मूळ क्लिप अजून आहे, नऊ सेकंदांची. मागे कोंबडी ओरडतेय.

मावशीने मुलाला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली. सत्त्याऐंशी सेंटिमीटर. त्याच्या वयाला दहाएक सेंटिमीटर कमी. पहिल्या दोन वर्षांत हुकलेली उंची नंतर भरून निघणं फार अवघड असतं, हे मी वाचलेलं होतं. मावशीला ते वाचायची गरज नव्हती.

'बरं आहे ना?' आईने विचारलं.

'मागच्या वेळेपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त आहे,' मावशी म्हणाली आणि आकडा लिहून घेतला.